रंग ठरेपर्यंत

अश्विनीचे डोळे पहिल्यांदा नीट पाहिले ते ताईच्या सासूबाईंनी, बारशाच्या दिवशी, आमच्या ओट्यावर. त्याआधी आम्ही ते पाहिलेच नव्हते असं नाही. पण बाळंतिणीची खोली म्हणजे घराची मागची खोली. तिला एकच खिडकी, आणि वारा लागू नये म्हणून आईने तिच्यावरही गोणपाट टांगलेलं. आत शेगडी, शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा, आणि त्या धुरात पोरगी डोळे उघडायची ते अर्धेमुर्धे. उघडले की ती आता रडणार की पुन्हा झोपणार, एवढंच आम्हाला बघायचं असायचं. कुणाच्या नाकावर गेली, कुणाची बोटं घेतली, याच्या चर्चा रोज चालत. डोळ्यांचा विषय कुणी काढला नव्हता.

मखमलाबादच्या रस्त्याला आमचा मळा होता आणि मळ्यातच घर. पुढे झेंडू आणि शेवंती, मागे कोबी, मेथी, थोडा वाटाणा. पहाटे अण्णा, म्हणजे माझे वडील, टेम्पोत फुलांच्या पाट्या चढवायचे. त्यांच्या खोकल्यानेच मला जाग यायची. मग विहिरीवरची मोटार सुरू व्हायची आणि वीज जाईपर्यंत तिची एकसुरी घरघर घरात भरून राहायची. झेंडूचा वास आमच्या कपड्यांना होता, अंथरुणाला होता, पोळीलासुद्धा होता असं माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणायच्या. मी त्या वर्षी बारावी सायन्सला होते. घरात एवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं आणि त्याचा मला थोडा ताठा होता, हे खरं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन नांदगावला गेली, आणि पहिलटकरीण म्हणून बाळंतपणाला आमच्याकडे आली. तिच्या येण्याने घराला एक वेगळाच वास आला. डिंक तळल्याचा, खोबरं भाजल्याचा, गुळाचा. आई सकाळी तिला अळिवाची खीर द्यायची, दुपारी बाजरीची भाकरी, तूप आणि लसणाची कोरडी चटणी. ताईला अळीव अजिबात आवडायचे नाहीत. आई पाठ वळवून शेगडीकडे गेली की ती वाटी माझ्या हातात सरकवायची. त्या बाळंतपणात ताई जेवढी सुधारली त्याहून मी जास्त सुधारले. तेवढे ते बारा दिवस आमच्या घरात खरोखर आनंदाचे होते, आणि मला वाटतं म्हणूनच पुढचं सगळं मला अजून सोसत नाही.

बारशाला नांदगावची मंडळी सकाळच्या गाडीने आली. पुरणपोळ्या झाल्या, पाळण्याला शेवंतीच्या माळा सोडल्या, नाव ठेवलं. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं आणि उजेडात बघावं म्हणून ओट्यावर येऊन बसल्या. ऊन पायरीपर्यंत आलेलं होतं. पोरीने डोळे उघडले ते पूर्ण उघडले. मीही शेजारीच होते, म्हणून मलाही दिसलं. काळे नव्हते ते. तपकिरीही नव्हते. पुसलेल्या ओल्या पाटीला जो करडा-निळा रंग असतो, तो रंग.

"ह्ये डोळे कुनाचे हायेत गं?" सासूबाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, देवाचे. सासूबाईही हसल्या. मग पोरीला आणखी उन्हाकडे धरून त्यांनी पुन्हा विचारलं, "नाय, खरंच इचारते. आमच्यात तर कुनाचे असे नाय. विहीणबाई, तुमच्यात हाय का कुनी घारं?"

"आमच्यात? नाही बाई," आई म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली, जणू कुणी चोरीचा आळ घेतला होता. आईला मी पुढे कितीदा म्हटलं, अगं, विचार करायचा, असेल कुणी पणजी-खापरपणजी, म्हणायचं. पण आईला खोटं येत नव्हतं आणि ज्या वेळी यायला हवं त्या वेळी तर मुळीच नाही. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. सासूबाईंनी पोरगी ताईच्या मांडीवर परत दिली आणि गाडीची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवसापासून आई अश्विनीच्या डोळ्यांत काजळ घालू लागली. आधीही घालायची, पण नावापुरतं. आता असं भरून घालायची की बाळाच्या डोळ्यांचा नुसता काळा खळगा दिसावा. मी चिडायचे. म्हणायचे, लपवायचं काय आहे त्यात? आई काजळाची डबी पदराआड धरायची. मी बाहेर गेले की पुन्हा घालायची.

सव्वा महिना झाला. ताईला न्यायला येणार म्हणून आईने रव्याचे लाडू केले, झबली-टोपडी बांधून ठेवली. आल्या त्या एकट्या सासूबाई, आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "आधी डाक्टरला दाखवू. डोळ्यात काही दोष नाय ना, बघितलेलं बरं." यात नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. अण्णांनी रिक्षा बोलावली. ताई, सासूबाई, आई आणि मी, चौघी त्यात दाटीवाटीने बसून शहरातल्या एका मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी आधी ओल्या कापसाने ते सगळं काजळ पुसून काढलं आणि आईकडे बघून नुसती मान हलवली. मग बारीक टॉर्च लावून दोन्ही डोळे पाहिले, बोट इकडून तिकडे फिरवलं. म्हणाले, "नजर उत्तम आहे. दोष काही नाही. रंगाचं म्हणाल, तर बाहुलीभोवती जो गोल पडदा असतो त्यात रंग तयार व्हायचा असतो. जन्मताना काही बाळांमध्ये तो कमी असतो. उजेडात आल्यावर हळूहळू वाढतो. आपल्याकडे बहुतेक मुलं काळ्या डोळ्यांचीच जन्मतात, म्हणून तुम्हाला हे वेगळं वाटतंय. सहा महिने लागतील, नऊ लागतील, कुणाकुणाला वर्षही लागतं. आणि नाही बदलला, असाच राहिला, तरी काही बिघडत नाही. आईबाप दोघं काळ्या डोळ्यांचे असले तरी मूल घाऱ्या डोळ्यांचं होऊ शकतं. मागच्या कुठल्या पिढीतून येतं ते."

मला इतका आनंद झाला की तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. संपलं सगळं, असं मला वाटलं. शिकलेल्या माणसाने दिव्यासारखं स्वच्छ सांगितलं. आता कोण काय बोलणार?

दवाखान्याच्या पायऱ्या उतरून आम्ही रिक्षाची वाट बघत उभ्या राहिलो. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे रंग ठरायला येळ लागतो म्हनाले ना डाक्टर?"

"हो ना," आई उत्साहाने म्हणाली. "काळजीचं काहीच नाही."

"मंग ठरू द्या. विहीणबाई, घाई कशाला? राहू द्या लेकीला माहेरी. रंग ठरला की नेऊ आमी."

आईच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ताईच्या लगेच आलं. तिने पोरीचं टोपडं नीट केलं आणि रस्त्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "पण ते असंही म्हणाले की नाही बदलला तरी..." तेवढ्यात सासूबाई ताईकडे वळून, अगदी सहज चौकशी करावी तशा म्हणाल्या, "लग्नाआधी तू टायपिंगच्या क्लासला जायची ना गं? कोन शिकवायला व्हतं तिथं?"

डॉक्टरांची दोन वाक्यं होती. एक सगळ्यांनी ऐकलं आणि धरून ठेवलं. दुसरं, मोलाचं, ते माझ्याशिवाय कुणाच्या कानातच गेलं नाही, आणि मी सतरा वर्षांची होते, माझ्या कानात जाऊन उपयोग काय होता? पुढे कित्येक वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. अनुवंशाचा धडा आला की ते दुसरं वाक्य मी दोनदा सांगायचे, तीनदा सांगायचे, मुलींना कंटाळा येईपर्यंत. त्या बिचाऱ्या वहीत उतरवून घ्यायच्या. बाईंच्या आवाजाला एवढी धार का चढते, हे त्यांना कुठून कळणार?

मग ती वाट बघणं सुरू झालं. दुसरं नाव मी त्याला देऊ शकत नाही. आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका मेथीची जुडी न्यायला म्हणून यायच्या आणि जाता जाता "बघू बघू" करत पाळण्यात डोकावायच्या. अश्विनी गोड पोरगी होती. कुणीही डोकावलं की ती आनंदाने हातपाय झाडायची, तोंडाचं बोळकं उघडून हसायची. तिला वाटायचं हे सगळे आपल्याशी खेळायला आले आहेत. ते मात्र तिच्या हसण्याकडे बघतच नसत. एकीने तर सरळ हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीकडे फिरवलं. "अजून नाही गं," असं म्हणाली आणि चहा पिऊन गेली.

उपायही आले. दूध घाल, गुलाबपाणी घाल. एक म्हातारी कुठल्याशा पाल्याचा हिरवा रस वाटीत घेऊन आली. डोळ्यांत दोन-दोन थेंब टाकले की पंधरवड्यात काळेभोर होतील म्हणाली. आईने ती वाटी तुळशीपाशी ठेवली होती. मी कॉलेजातून आले, विचारलं, आणि वाटीतला रस सरळ मोरीत ओतला. आईने माझ्यावर हात उगारला. "आंधळी झाली म्हणजे मग रंगाचा प्रश्नच मिटेल, नाही का?" मी ओरडले. आईचा हात तसाच राहिला. मग ती खाली बसली आणि रडायला लागली, आणि मला काय करावं ते कळेना. तिच्यावर रागवावं तरी कसं? माझा राग खरा जिच्यावर होता ती नांदगावला होती. आणि तिच्याशी बोलायचं तर मोठ्यांच्या मध्ये तोंड घालायचं नाही, अशी ताकीद होती.

कॉलेजात नेमका त्याच सुमारास वाटाण्याचा धडा चालू होता. उंच झाड, बुटकं झाड, दडलेला गुण पुढच्या पिढीत कसा वर येतो. मी उभी राहून विचारलं, "सर, दोघांचे डोळे काळे असले तर मुलाचे घारे होऊ शकतात का?"

"होऊ शकतात," सर म्हणाले, "माणसात जरा जास्त गुंतागुंत असते, पण होऊ शकतात." मागच्या बाकांवर कुणीतरी खिदळलं. सर गडबडले. "ते परीक्षेला नाही. बसा."

तरी मी घरी येऊन आईला समजवायला बसले. आई ओट्यावर वाटाणेच सोलत होती, म्हणून मला वाटलं सोपं जाईल. ही हिरवी शेंग बाप, ही शेंग आई, दोघांच्या पोटात पिवळ्या शेंगेचा थोडा अंश लपलेला. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "मला का माहीत नाही माझी लेक कशी आहे ते? तिच्या सासूला जाऊन सांग तुझे वाटाणे."

आणि दाजी? ताईच्या नवऱ्याला आम्ही दाजी म्हणायचो. नांदगावला एका कापडाच्या दुकानात ते कामाला होते. उंच, सडपातळ, बोलायला अतिशय कमी. पंधरा-वीस दिवसांनी एखाद्या रविवारी ते यायचे. जिलेबीचा पुडा आणायचे, तो आईच्या हातात द्यायचे. अण्णांशी पावसाबद्दल आणि टोमॅटोच्या भावाबद्दल बोलायचे. अश्विनीला मांडीवर घेऊन बसायचे ते तासन्‌तास. एकदा मी बघितलं, ते तिला घेऊन शेवंतीच्या वाफ्यांपाशी गेले, इकडेतिकडे बघितलं आणि तिचं तोंड उन्हाकडे केलं. मग पटकन तिला छातीशी धरून ते परत आले. त्या दिवशी जेवताना त्यांनी वर मान केली नाही. संध्याकाळच्या गाडीने गेले. ताईने त्यांना विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला दोघांचाही असा संताप आला की मी ती जिलेबी तोंडात घातली नाही. अर्थात त्याने कुणाचंच काही अडलं नाही.

ताईबद्दल मी काय सांगू? ती आरडाओरडा करत नव्हती. रडतानाही मी तिला फारसं पाहिलं नाही. पहिले काही महिने ती नुसती पोरीचं करायची. मग हळूहळू अण्णांबरोबर फुलं तोडायला जाऊ लागली, माळा ओवू लागली, दसऱ्याच्या आधी तर टेम्पोबरोबर बाजारातही गेली. अण्णा तिच्याशी पूर्वीसारखे बोलायचे, पण नातीशी खेळायचे ते तिला पाठमोरी खांद्यावर घेऊन. समोरून तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं ते टाळलंच. अण्णा फार चांगले होते. म्हणूनच मला ते जास्त लागायचं.

रंग बदलायला लागला तो कुणाच्या लक्षात न येता. आधी तो करडेपणा जरा गढूळ झाला. मग बाहुलीच्या भोवती चहाच्या डागासारखं एक तपकिरी कडं उमटलं. ते बाहेरच्या बाजूला पसरत गेलं, आणि पोरगी भिंतीला धरून उभी राहायला लागली तोवर डोळे चांगले गडद तपकिरी झाले. अगदी ताईसारखे. आईने देवापुढे साखर ठेवली. अण्णा सायकल काढून फोनच्या बूथवर गेले आणि नांदगावला शेजारच्यांकडे निरोप ठेवला. घरात असा आनंद झाला जणू ताई कोर्टातून निर्दोष सुटली होती. शेजारणी अभिनंदन करून गेल्या. मी ओरडून विचारत होते, अरे, पण हिच्यावर खटला भरला कुणी होता? मला सगळ्यांनी गप्प केलं. चांगल्या दिवशी तोंड वाकडं करू नको म्हणाले.

नांदगावची मंडळी आली ती साडी, बांगड्या आणि पेढे घेऊन. सासूबाईंनी अश्विनीला ओट्यावरच घेतलं, उजेडात डोळे पाहिले आणि मोठ्याने म्हणाल्या, "झालं! आमचंच लेकरू हाय." मग ताईकडे बघून अगदी मायेने म्हणाल्या, "चल गं संगीता, आवर. पाचची गाडी हाय."

ताई आत गेली नाही. अंगणात दाजी उभे होते, ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. हातात नुकत्या तोडलेल्या फुलांची पाटी होती, तीही तिने खाली ठेवली नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "डोळे तसेच राहिले असते, तर आला असता का न्यायला?"

"संगीता, अगं काय हे," आई म्हणाली. अण्णा जागचे उठले. ताईने कुणाकडे पाहिलं नाही. दाजींनी ओट्यावर बसलेल्या आपल्या आईकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"बरं," ताई म्हणाली. "मग माहीत झालं की या."

एवढं बोलून ती पाटी घेऊन घराच्या मागच्या बाजूला निघून गेली. सासूबाईंनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग साडी आणि बांगड्या ओट्यावर ठेवल्या आणि पुन्हा उचलल्या. शेवटी पाचच्या गाडीला सगळे गेले. त्या दिवशी आमच्या घरात जे झालं ते मी लिहीत नाही. आई म्हणाली, हातचा संसार लाथाडला. अण्णा जेवले नाहीत. मी एकटी ताईच्या बाजूने भांडत होते आणि ताईलाच ते नको होतं. "मने, तू गप्प बस," ती म्हणाली. "मला नुसतं उत्तर पाहिजे होतं. भांडण नको होतं."

हिवाळा गेला. अश्विनी चालायला लागली, झेंडूच्या ढिगात बसून फुलं कुस्करायला लागली. द्राक्षांचा हंगाम संपत आला असताना एक दिवस दाजी एकटेच आले. पोरीने त्यांना ओळखलं नाही, ती रडत ताईच्या मागे लपली. ते ओट्याच्या कडेला बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मनमाडला गोदामात काम मिळालंय. खोली बघितली आहे. लहान आहे, पण नळ घरात आहे. नांदगावला राहायचं नाही."

ताईने कपडे भरायला घेतले. मी तिच्या मागे मागे खोलीत गेले. "ताई, त्यांनी उत्तर कुठे दिलं? तू विचारलं होतंस ते?"

"खोली बघितली ना," ताई म्हणाली आणि झबल्यांची घडी घालत राहिली.

तिला ते पुरलं. मला पुरलं नाही. मनमाडला त्यांचा संसार चांगला झाला, मुलगी शिकली, सासूबाई सणावाराला येत-जात राहिल्या, ताईने त्यांचं सगळं केलं. मी मात्र दाजींशी अनेक वर्षं जेवढ्यास तेवढंच बोलत आले. ताई मला हसायची. म्हणायची, "ज्याचं लग्न त्याला राग नाही आणि तूच काय घेऊन बसलीस!"

अश्विनी नववीत की दहावीत असताना मी सुट्टीत मनमाडला गेले होते. पोहे झाले होते, सगळे बसलो होतो. तिच्या पुस्तकात डोळ्याचं चित्र होतं, त्यावरून विषय निघाला आणि मी तिला सांगितलं की तू जन्मलीस तेव्हा तुझे डोळे निळसर करडे होते, रंग ठरायला बरेच महिने लागले. तोवर तू आमच्याकडेच होतीस. रंगाचं तिला काही विशेष वाटलं नाही. तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "इतके महिने? मग पप्पा कुठे होते?"

ताई उठून पाणी आणायला निघाली होती, ती तिथेच थांबली. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, कितीतरी वर्षांचं. पण दाजीच बोलले.

"मी नांदगावला होतो. घाबरून बसलो होतो."

"डोळ्यांना?" अश्विनीला हसू आलं.

"नाही. माझ्या आईला," ते म्हणाले. "तुझ्या आईचं काही चुकलेलं नव्हतं. मला माहीत होतं ते. बोललो नाही."

अश्विनीने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. ताई पाणी आणायला गेली, ती बराच वेळ आतच राहिली. मी पोह्यांची बशी हातात घेऊन बसले होते. मला वाटलं होतं हे ऐकलं की माझ्या मनातला काटा निघेल. तसं झालं नाही, उलट मी आणखीच चिडले. एवढंसं वाक्य होतं ते. आमच्या अंगणात उभं राहूनही म्हणता आलं असतं.